तयार वाक्य

"इथेच माती केली यांनी," क्षितिजा म्हणाली आणि तिने लॅपटॉपवरचं चित्र थांबवलं. नलिनीबाई समोर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली तर पडद्यावर आखूड हिरव्या केसांची ती पोर हसता हसता तशीच थिजून राहिली होती. डोळे मिटलेले, एक हात पोटावर, मागे पुठ्ठ्याचा राजवाडा. शाळेच्या संमेलनातलं नाटक चाललं होतं, राजपुत्राच्या वेषातला पोरगा तिच्यापुढे गुडघा टेकून बसला होता, आणि ही हसत होती. नलिनीबाईंच्या नखात लसणाची पाकळी तशीच राहिली. ते हसू त्यांच्या ओळखीचं होतं. दुकानाच्या काचेसमोरून जाताना आत एक म्हातारी दिसावी, आपण तिला वाट द्यायला बाजूला व्हावं आणि तीही बाजूला व्हावी, तसं त्यांना झालं.

क्षितिजा त्यांची भाडेकरू. परभणीकडची, हिंजवडीतल्या एका कंपनीत कामाला. काही दिवस ऑफिसला जायची, काही दिवस पौडच्या या दोन खोल्यांतल्या आतल्या खोलीत बसूनच काम करायची. काम संपलं की जपानी चित्रमालिका बघायच्या आणि त्यांच्याविषयी मराठीत बोलून ते मोबाइलवर टाकायचं, हा तिचा नाद. ऐकणारेही पुष्कळ होते म्हणे. कार्टून नाही, अ‍ॅनिमे, असं नलिनीबाईंना सांगून सांगून ती दमली होती. सध्याची मालिका पुस्तकांवरून काढलेली होती. आधी चित्रांची पुस्तकं आली, ती गाजली, मग त्यांचं हे हलतं-बोलतं रूप. ते कुठे जमलंय आणि कुठे फसलंय हे तिला रविवारच्या आत बोलून टाकायचं होतं. नलिनीबाई एके काळी नाटकात कामं करायच्या, म्हणून तिने त्यांनाही शेजारी बसवून सगळे भाग दाखवले होते. बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. क्षितिजा अर्थ सांगत जायची. डोंगरातलं एक गाव, गरम पाण्याच्या झऱ्याजवळ जुनं वसतिगृह, ते एका पोराला आजोबांकडून मिळतं, आणि तिथे पाच मुली भाड्याने राहत असतात. पाचही जणी त्याच्यात गुंतत जातात. त्याला मात्र काही म्हणजे काही उमगत नाही. "याला हॅरेम कॉमेडी म्हणतात, नलूमावशी," तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "एक मुलगा, भोवती मुलीच मुली. आणि मुलगा ठोंब्या."

"ठोंब्या कसा चालेल? नायक ना तो?"

"ठोंब्या असला तरच चालतं. त्याला कळलं तर गोष्ट संपेल ना."

नलिनीबाईंना ती मालिका आवडायला लागली होती आणि त्याचं त्यांनाच नवल वाटत होतं. न्हाणीघरातले आचरट प्रसंग आले की त्या उठून कुकर लावायला जात. ते झाले की क्षितिजा हाक मारी. पण पाच जणींना पाच चाली दिल्या होत्या. एक टाचेवर जोर देऊन चालायची, एक पाय न उचलता, जणू नेहमी चपला सैल. हे ज्याने काढलं त्याने बायकांना बारकाईने बघितलंय, असं त्यांना वाटलं. आवाज देणाऱ्या मुली तर फारच तयारीच्या. हिरव्या केसांची बोलायच्या आधी थोडा श्वास घ्यायची आणि अर्धाच सोडायची. उरलेला अर्धा आत ठेवून मग चेष्टा करायची. भाताच्या भांड्यावरचं झाकण उचललं की वाफ निघायची ती आधी जाड आणि मग विरळ. विनोदाच्या आधी कुठे थांबायचं हे मालिका करणाऱ्यांना कळत होतं. क्षितिजानेही या सगळ्या जमेच्या बाजू म्हणून धरल्या होत्या. तिची तक्रार वेगळी होती. पुस्तकं भाराभर, भाग मोजके. मग कापाकापी झाली, आणि कापताना जे दिसत नाही ते आधी कापलं गेलं. मनातलं सगळं गेलं. मुली उरल्या त्या रुसणाऱ्या, लाजणाऱ्या आणि पडणाऱ्या. आणि शेवट तर नाहीच. पुढचं बघायचं असेल तर पुस्तकं विकत घ्या.

"इथे काय बिघडलं?" नलिनीबाईंनी विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

क्षितिजा तावातावाने सांगायला लागली. पुस्तकातही तो पोरगा नाटकातलंच वाक्य बोलतो. पण तालमीत बोलायचा तसं नाही, खरं बोलतो. त्या ठोंब्याला सगळ्या मालिकेत एकदाच काहीतरी उमगलेलं असतं आणि ते सांगायला त्याच्याकडे दुसरे शब्द नसतात. हिला ते कळतं. आणि हिला कळलंय हे वाचणाऱ्याला कळतं, कारण तिथे पानंच्या पानं फक्त तिच्या मनातलं आहे. इथे काय केलं? हसवलं, मागे पिपाणी वाजवली आणि पुढचा प्रसंग. बघणाऱ्याला वाटतं, बावळट आहे, हिला समजलंच नाही. आख्ख्या गोष्टीचा कणाच काढून घेतला.

"पण हसते तर पुस्तकातही?"

"हसतेच. पण का हसते ते आहे ना तिथे." ती आतून पुस्तक घेऊन आली. इंग्रजीत केलेलं, पण उलट्या बाजूने उघडायचं, उजवीकडून डावीकडे वाचायचं. काळ्यापांढऱ्या चौकटींत त्या पोरीचा फक्त चेहरा होता, कधी नुसते डोळे, कधी नुसती हनुवटी. क्षितिजा बोट ठेवत ठेवत मराठीत वाचायला लागली. "मला कळलं होतं. तो खाली बसला तेव्हाच कळलं होतं. पण त्याच्या वाक्यानंतरचं माझं वाक्य ठरलेलं होतं. वाक्य तयार असलं की घाबरावं लागत नाही. मी ते बोलले आणि हसले. हसता हसताच बघितलं, तो उठून गुडघ्यावरची धूळ झटकत होता." क्षितिजा पुढेही वाचत राहिली, पण नलिनीबाईंना पुढचं ऐकू आलं नाही. त्यांनी सोललेला लसूण वाटीत टाकला, टरफलं गोळा केली, ती पुन्हा ताटात सोडली, पुन्हा गोळा केली. तिला कळलं होतं असं त्या परक्या मुलखातल्या माणसाने लिहून ठेवलं होतं, आणि नलिनीबाईंनी आपल्यापुरतं आजवर उलटंच धरून ठेवलं होतं. आपल्याला कळलं नव्हतं. सवयीने तोंडातून गेलं. सवयीला काय इलाज?

सवय होतीच म्हणा. चैत्रात जत्रांचा हंगाम लागला की मावळात, मुळशीत, भोरकडे गावोगावची तरुण मंडळं देवाच्या जत्रेला नाटक बसवायची. पुरुषांची कामं गावातलेच करायचे. बायकांच्या कामाला लेकीसुना कोण देणार? मग पुण्याहून बाई आणायची. मोजकी नाटकं ठरलेली असत आणि त्यांतल्या नायिका नलिनीला तोंडपाठ होत्या. मंडळाने नाटकाचं नाव सांगायचं, नाईट म्हणजे प्रयोगाची बिदागी ठरवायची, आणि बाईने जत्रेच्या दिवशी दुपारी कपड्यांची पेटी घेऊन एसटीतून उतरायचं. शाळेतली बाकं सरकवून एक धावती तालीम व्हायची, कोण कुठून येतो आणि कुठे बसतो एवढ्यापुरती. रात्री प्रयोग. पहाटे पहिल्या गाडीने पुढचं गाव. नाटक तेच, नायिका तीच, नायक दर गावचा निराळा. एका गावी गुरुजी, दुसऱ्या गावी डेअरीवाला, तिसऱ्या गावी दवाखान्यातला कंपाउंडर. सगळे त्याच जागी उभे राहून तिला तेच म्हणायचे. कुणाला दरदरून घाम फुटायचा. कुणी तिच्याऐवजी पहिल्या रांगेतल्या सरपंचाकडे बघून प्रेम व्यक्त करायचा. कुणी मधली पानं गाळून एकदम लग्नापाशी यायचा, आणि त्याला हाताला धरून मागे आणावं लागायचं. त्या सगळ्यांना सांभाळून घेणं हाच तिचा धंदा. ज्या थोरल्या बाईने तिला या कामात आणलं तिने पहिल्याच दौऱ्यात बजावलं होतं, समोरचा काही का बडबडेना, त्यातून आपलं वाक्य हुडकायचं आणि द्यायचं, थांबायचं नाही. तू थांबलीस तर नाटक पडलं. नलिनी कधी थांबली नाही. तापात उभी राहिली, एकदा विंचू चावलेल्या पायाने उभी राहिली, पण वाक्य पडू दिलं नाही. झोपेतसुद्धा शेजारचं कुणी बरळलं तर ती उत्तर द्यायची, असं तिची आई हसून सांगायची.

कोळवणला ती लागोपाठच्या जत्रांना गेली. दरवेळी नाटक तेच, कारण लोकांनी पुन्हा तेच मागितलं. एका विधुर वकिलाच्या घरी शालन नावाची नर्स कामाला येते, त्याची म्हातारी आई बरी होते आणि शालनची जायची वेळ होते, असं काहीतरी. तिसऱ्या अंकात वकील म्हणतो, "शालन, तुमच्यावाचून हे घर ओसाड आहे. थांबाल का?" आणि शालन हसून म्हणते, "घर ओसाड असेल तर भाडेकरू ठेवा, वकीलसाहेब!" इथे लोक हटकून हसायचे, मागचे पोरगे शिट्ट्या मारायचे. मग दोन पानांनी शालन खरंच थांबते आणि पडदा पडतो. कोळवणचा वकील म्हणजे हैबतराव. घरची भातशेती, शिक्षण सातवीपर्यंत, बोलणं पक्कं तिथलं. पण पाठांतर असं की एक काना इकडचा तिकडे व्हायचा नाही. सरपंचाकडे न बघणारा तो एकटाच. त्याच्याबरोबर तिला सांभाळून घ्यावं लागायचं नाही, आणि त्यामुळे काम करताना हात रिकामे असल्यासारखं वाटायचं. शेवटच्या खेपेला प्रयोग संपला, मंडळाची पोरं मांडवातच झोपली, आणि फाट्यापर्यंत तिची पेटी त्याने स्वतः खांद्यावरून आणली. उजाडलं होतं. खाचरांतून भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळ्याचा राब भाजायला सुरुवात झाली होती, त्याचा धूर जमिनीलगत पसरला होता. त्याच्या कानामागे रंग राहिला होता. गाडी वळणावर दिसली तेव्हा तो म्हणाला, "तुमच्यावाचून हे घर ओसाड आहे. थांबाल का?" आणि नलिनीने तिचं वाक्य दिलं. वकीलसाहेबांसकट. शेवटी हसायचं असतं तिथे हसली, एक हात पोटावर ठेवून, स्टेजवर ठेवायची तसा. तोही थोडा हसला. पेटी आत चढवून दिली. नाटकात यापुढे दोन पानं होती. फाट्यावर नव्हती.

'शालन' असं तो म्हणाला नव्हता. हे नलिनीबाईंना पुष्कळ नंतर, नाटकं बंद पडल्यावर आठवलं. गावात व्हिडिओ आले, मग टीव्ही. मंडळांनी नाटकं सोडली, आणि त्या पुण्यात ड्रेपरी भाड्याने देणाऱ्या एका दुकानात राजेमहाराजांचे अंगरखे उसवायला आणि शिवायला बसल्या. तिथे सुईत दोरा ओवताना एकदम आठवलं, त्याने नाव गाळलं होतं. की आपणच आठवून आठवून ते गाळलं? इतकी वर्षं एखादी गोष्ट हाताळली की तिचे कोपरे झिजतात, मूळ कशी होती ते सांगता येत नाही. त्या स्वतःला म्हणायच्या, त्याने त्याच्या बोलीत विचारलं असतं तर कळलं असतं. ऱ्हाता का हितं, एवढं म्हटलं असतं तर त्याला तयार उत्तर नव्हतं. पण ज्याने विचारायचं त्याला वाटलं असणार की आपली भाषा या बाईपुढे चालायची नाही. हिची भाषा हीच, नाटकातली. हिच्याशी बोलायचं तर हिच्या शब्दांत. त्याच्याकडे होतं त्यातलं सगळ्यात चांगलं त्याने काढून समोर ठेवलं. असं त्या कधी रात्री झोप नसली की स्वतःची समजूत घालणार, आणि सकाळी दूध तापवताना पुन्हा म्हणणार, काही नाही, गंमत केली असेल गड्याने. पुढच्या वर्षी कोळवणच्या मंडळाने दुसरी बाई नेली. हैबतरावाचं लग्न झाल्याचं कुणीतरी सांगितलं. नलिनीबाईंनी कुणाशी केलं नाही. कारण विचारलं तर आई होती, मग आईचं आजारपण होतं. पुण्यातली खोली मालकाला सोडून दिली तेव्हा मिळालेल्या पैशांत त्यांनी पौडला या दोन खोल्या घेतल्या. पौडच का? स्वस्त म्हणून. कोळवणची गाडी पौडच्या स्टँडवरून सुटते, भाजी आणायला जाताना तिची पाटी दिसते, आणि त्या गाडीत त्या कधी बसल्या नव्हत्या.

आणि गेल्या आठवड्यात हैबतरावांचा मुलगा शेखर दारात येऊन उभा राहिला होता. मंडळाचा सुवर्णमहोत्सव आहे, जुन्या स्त्री कलावंतांचा जत्रेत सत्कार करायचाय, ड्रेपरीच्या दुकानातून पत्ता काढला. आण्णा स्वतः शाल देणार. तिशी उलटलेला भला माणूस, चहाला नको म्हणाला आणि दोन कप प्यायला. शेती थोडीच राहिलीय, बाकीच्या जागेत खोल्या काढल्यात, शहरातली पोरं राहतात भाड्याने, असंही त्याने सांगितलं, तेव्हा नलिनीबाईंनी कप तोंडापुढे धरला. बघते, म्हणाल्या होत्या. जायचं नाही असंच मनात होतं. जत्रा उद्यावर आली तरी होतं. पण आता क्षितिजाने पुस्तक मिटलं आणि मालिका पुढे चालू केली, हिरव्या केसांची पोर पिपाणीच्या तालावर स्टेजवरून पळाली, आणि नलिनीबाईंना वाटलं, एवढं एकच कळायला हवं. त्याने खरंच विचारलं होतं का? नसेल विचारलं तर आपण काही गमावलं नाही. मग इतकी वर्षं ज्याचं दुःख केलं ती एक सकाळची चेष्टा होती, आणि तसं असेल तर बरंच. आणि विचारलं असेल, तर मग त्या पानांतल्या पोरीसारखं आपल्यालाही स्वतःला काहीतरी कबूल करावं लागेल. त्या उठल्या आणि कपाटातून इस्त्रीची साडी काढली. क्षितिजा म्हणाली, मी येऊ का बरोबर, तुमच्यावर एक छान व्हिडिओ होईल. नको, त्या म्हणाल्या, तू तुझ्या ठोंब्याचं बघ. मग दारातून पुन्हा वळून म्हणाल्या, "त्या पोरीचं पुढे काय होतं पुस्तकात? नको, राहू दे. सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीत त्यांना खिडकी मिळाली. खोऱ्याच्या दोन्ही अंगांना आता फार्महाऊसच्या उंच भिंती आणि लोखंडी फाटकं. फाटकांमागे हिरवळ, पोहण्याचे हौद. मध्येच एखादं खाचर रिकामं, भाजलेल्या राबाचे काळे चौकोन तेवढे ओळखीचे. त्यांच्या मनात ती मालिका घोळत होती. पडद्यावर हसू दिसतं, पुस्तकात भीती दिसते. पडदा बघणाऱ्याची चूक नाही, त्याला दाखवलंच तेवढं. आणि मग मनात आलं, हैबतरावांनी तरी दुसरं काय बघितलं? फाट्यावर त्यांना पडद्यावरचंच मिळालं. पानं माझ्याकडे राहिली. ती मी उघडूनसुद्धा बघितली नाहीत. वळणावर गाडीने आचका दिला, शेजारच्या बाईची पिशवी त्यांच्या पायावर कलंडली, आणि दोघी मिळून कैऱ्या गोळा करू लागल्या.

मांडव रंगीबेरंगी कापडाचा, खुर्च्या प्लॅस्टिकच्या, स्पीकरचा आवाज पोटात धडका देणारा. सत्काराला तीनच जणी सापडल्या होत्या. एक चाकांचा वॉकर ढकलत आली होती, दुसरीला आपण कुठे आलोय ते नीट उमगत नव्हतं. ती सारखी विचारत होती, प्रयोग किती वाजता आहे. हैबतराव स्टेजवर मधल्या खुर्चीत बसले होते. वाळले होते, एका कानात यंत्र, टोपी पांढरीशुभ्र. निवेदन करणाऱ्या गुरुजींनी नलिनीबाईंचं नाव घेतलं, तेव्हा त्या पायऱ्या चढून गेल्या. हैबतरावांनी शाल उलगडली, त्यांच्या खांद्यावर घातली, नारळ दिला. नलिनीबाई त्या चेहऱ्यावर शोधत होत्या. काहीही चाललं असतं, नजर चुकवली असती तरी. हैबतराव प्रसन्नपणे बघत होते.

"लई लांबनं आला," ते म्हणाले.

"पौडहून."

"पौडात असता व्हय? मंग येत जावा की. घर आपलंच हाय."

वॉकरवाल्या बाईलाही त्यांनी घर आपलंच आहे म्हणून सांगितलं. दुसरीला प्रयोग नऊला आहे, असं तिच्या समाधानासाठी सांगितलं. सगळ्यांशी सारखंच चांगलं वागणारा माणूस. नलिनीबाई खुर्चीवर येऊन बसल्या. तर मग ते तसंच होतं. चेष्टा. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं आणि वाटत होतंही, पण त्याखाली कुठेतरी, मुलींच्या रांगेतून निवडताना आपल्यावरून नजर सरकून गेल्यावर वाटतं तसं काहीतरी सलत होतं, आणि या वयात तसलं सलावं याची त्यांना लाज वाटली. पाचच्या गाडीने निघावं म्हणून त्या उठल्या, तेवढ्यात एका बाईने त्यांचं मनगट धरलं. ठेंगणी, सावळी, कपाळावर मोठं कुंकू, हात कामाने राठ झालेला. "मी शेखरची आई, रंभाबाई. जेवल्याबिगर कुटं निगाला?" असं म्हणून तिने हाताला धरून चालवायलाच सुरुवात केली.

घर नवं होतं, मागच्या अंगाला भाड्याच्या खोल्यांची रांग, दोऱ्यांवर पोरांच्या जीन्स वाळत घातलेल्या. पुरुषांची पंगत पुढच्या पडवीत बसली होती. रंभाबाईंनी नलिनीबाईंना स्वयंपाकघरात पाटावर बसवलं आणि ताट वाढून समोर टेकल्या. पुरणपोळी, कटाची आमटी, घरच्या तांदळाचा भात. नलिनीबाई जेवत असताना त्या एकटक बघत होत्या. टक लावून बघण्यात राग नव्हता. एखादं नाव पुष्कळ ऐकलेलं असावं आणि माणूस पहिल्यांदा दिसावं, तसं बघणं. पौडात कुठं राहता, एकट्याच का, गुडघे काय म्हणतात, हे सगळं विचारून झालं. मग पडवीकडे एकदा मान वळवून बघितलं आणि आवाज उतरवला.

"तुमास्नी एक इचारायचं व्हतं, बाई. राग न्हाई ना यायचा?"

"नाही. विचारा."

"मला बघाय आले हे, तवा म्होरं मान्सं बसल्याली. ह्यांनी मला मागल्या दारी गाठलं. म्हनले, पुन्याच्या नाटकातल्या बाईला इचारलं व्हतं, ती हसली. तुला हसायचं आसंल तर आत्ताच हसून घे."

नलिनीबाईंचा हात भातात राहिला. बाहेर कुणीतरी पाणी मागत होतं. म्हणजे विचारलं होतं. इतकी वर्षं हवं होतं ते उत्तर असं ताटाशेजारी येऊन पडलं होतं, आणि ते घ्यायला त्यांच्यात कुणी जागं नव्हतं. त्यांना फाट्यावरचा तो हसरा चेहरा दिसला, पेटी चढवून देणारा, आणि तिथून सरळ दुसऱ्या कुठल्याशा गावातल्या मागच्या दारी उभा असलेला, एका अनोळखी पोरीला आधीच बजावणारा.

"मग तुम्ही?"

"मी काय. मी भ्याले. न्हाई हसले." रंभाबाई पदराच्या टोकाने पाटावरचं पाणी टिपत होत्या. "आन् मंग ते ऱ्हाऊनच गेलं बगा. बायांत हसते, पोरांत हसते. शेतात तर लई हसायची मी. पर ह्यांच्या म्होरं हसू येत न्हाई. येतंय आसं वाटलं की तोंडच मिटतं. शेखर ल्हान आसताना इचारायचा, आयं, आण्णांवर रुसलीस का? मानूस लई चांगला हाय. कदी वाकडा सबुद न्हाई. इनोद बी करत्यात. मी आपली खाली बगते." गुडघेदुखी सांगावी तशा त्या सांगत होत्या. मग त्यांनी नलिनीबाईंकडे सरळ बघितलं. "म्हनून म्हनलं, कदी घावल्या तर इचारायचं. काय हसन्यासारखं व्हतं हो त्येच्यात?"

नलिनीबाईंनी वाक्य शोधलं. समोरच्याच्या बोलण्यातून आपलं वाक्य हुडकायचं आणि द्यायचं. हे त्यांनी शेकडो रात्री केलं होतं. आता काही सापडेना. त्या थांबल्या. चुलीवरच्या पातेल्यातली आमटी खदखदत राहिली. ती हिरव्या केसांची पोर स्टेजवरून खाली आल्यावर तिला कुणी विचारलं असेल का, की तू हसलीस त्यामुळे आणखी कुणाकुणाचं काय झालं? ते पुस्तकातही नसेल. पुस्तकातसुद्धा कुणाला तरी कापावंच लागतं.

"काही नव्हतं," त्या म्हणाल्या. "त्यांनी नीटच विचारलं होतं. आणि मला समजलं होतं. घाबरले मी. हसायचं ठाऊक होतं, तेवढं केलं."

रंभाबाईंनी तुपाची वाटी ओढली आणि नलिनीबाईंच्या भातावर धार सोडली, पुरे म्हणेपर्यंत, आणि त्यानंतरही थोडी. "म्हंजी तुमीबी भ्यालाच," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, कसली धीट बाई आसंल. फाट्यावर, दिवसाढवळ्या, तोंडावर हसली. मला दिसायच्या तुमी कदी कदी, भात लावताना."

"मी सांगू का त्यांना? आत्ता? माफी तरी..."

"नगं." रंभाबाईंनी मान हलवली. "हसली, हसली म्हनत निम्मं आयुष्य काडलं त्यांनी. भ्याली व्हती आसं आता कळलं तर काय करत्याल? बसत्याल इच्यार करीत. ह्या वयाला नगं." आणि तुपाची वाटी मागे सारत, "आन् मंग मला बी काय काय सांगावं लागंल."

पायरव झाला. हैबतराव दारात उभे होते, हातात रिकामा तांब्या, कानातलं यंत्र नीट करत. पंगत छान झाली होती, जत्रा छान झाली होती, दोघी बायका ताटाशी समोरासमोर बसल्या होत्या. त्यांना सगळं जागच्या जागी दिसत होतं. "पाव्हनीला भात वाडलास का न्हाई?" ते म्हणाले. "का नुसतीच नाटकाची चौकशी चाललीय? आता काय त्या म्हातारीला शालन व्हाय लावतीस का?" आणि स्वतःच्या बोलण्यावर ते खळखळून हसले, मोकळं, दातांची कवळी दिसेपर्यंत. नलिनीबाईंनी रंभाबाईंकडे बघितलं. त्यांचे डोळे हसत होते. तोंड मात्र घट्ट मिटलेलं होतं.